मागच्या डाव्या दारातली टकटक

३ फेब्रुवारी, सोमवार
सातपूरच्या गॅरेजात पहिला दिवस. कळवणचं माझं दुकान बंद पडलं तेव्हा वाटलं होतं, संपलं आता सगळं. पण गॅरेजचे मालक कारभारी अण्णांनी आल्या आल्या चहा पाजला, हातात मीटर दिला आणि सांगितलं, गाड्यांच्या म्युझिकचं काम आजपासून तुझं. लय बरं वाटलं. अशोकनगरात दोन खोल्या मिळाल्यात. बायकोला, चैतालीला, पॅकिंगच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट लागली, आमची तेजू बालवाडीत जाऊ लागली. वही नवी, पेन नवं, कंबर तेवढी जुनी.

४ फेब्रुवारी, मंगळवार
ओझरहून राकेश नावाचा गिऱ्हाईक आला. लोकांची तक्रार असते की स्पीकर वाजत नाही; याची उलटी. डेक बंद केला तरी मागच्या डाव्या दारातला स्पीकर टकटक करतो. सोबत त्याची आई, कुसाबाई. वर्षभर तोंडातून शब्द नाही, सगळे डॉक्टर करून झाले म्हणे. बाई मागच्या सीटवर बसून काचेवर बोटं वाजवत होत्या. राकेशची पाठ वळल्यावर मी अण्णांना म्हणालो, दोष स्पीकरात नाही, म्हातारीत आहे. दोघं हसलो.

५ फेब्रुवारी, बुधवार
दिवसभर तेच दार. आमच्या कामाचा नियम सोपा: जागा बदला आणि दोष कुणाच्या मागे जातो ते बघा. डेकमागच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. टकटक डावीकडेच, म्हणजे डेक चांगला. दाराच्या रबरातून येणारी वायर मोजली. कुठं तुटलेली नाही, पत्र्याला लागलेली नाही. स्पीकर चार ओहम, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा. शेवटी वायरी काढून तो नुसताच टेबलावर ठेवला.

तरी टकटक. दोनदा, मग थांबून एकदा. करंट नाही, काही नाही, आणि हा वाजतोय! माणूस थकला की कानात काहीही वाजतं, असं म्हणून हात धुतले आणि घरी आलो.

६ फेब्रुवारी, गुरुवार
राकेशला गाडी आजच हवी होती आणि नवा स्पीकर सोमवारशिवाय येणार नव्हता. अण्णा म्हणाले, तुझ्या अल्टोतला काढून त्याला दे, त्याचा तू लाव, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. नव्या माणसानं नाही कसं म्हणायचं? लावला. माझ्या गाडीत गुपचूप बसला, जावयासारखा.

९ फेब्रुवारी, रविवार
सुट्टी. तेजूला सोमेश्वरला नेलं, भेळ खाल्ली. येताना मागच्या दारात टकटक सुरू झाली. तेजू तिथंच बसली होती. तिला गंमत वाटली, तिनंही दारावर वाजवलं. दोनदा, थांबून एकदा. मी आरशात बघून हसलो. हसलो मी!

घरी आल्यापासून पोरगी बोलत नाहीये. रुसली असेल.

१० फेब्रुवारी, सोमवार
रुसलेली नाही. तिची बोटं ताटावर, भिंतीवर, माझ्या पाठीवर वाजत असतात. डॉक्टर म्हणाले, घसा चांगला आहे. चैताली रडून रडून झोपली. स्पीकर उपटून भंगारात टाकला. काही फरक नाही.

मग बापानं करू नये ते केलं. पोरीला तपासलं. ओट्यावर बसवलं, अंगणात बसवलं, शेजारी लताबाईंकडे नेऊन बसवलं. टकटक तिच्या मागं. तिचे दोन्ही हात घट्ट धरले, तर पाय वाजवायला लागली.

संध्याकाळी राकेशचा फोन. आनंदानं वेडा झालेला. आई काल अचानक बोलायला लागली, पेढे घेऊन येतो म्हणाला. मी म्हणालो, आईंना फोन द्या. कुसाबाईंनी सांगितलं, ती टकटक ऐकून कुणी उलट वाजवलं की ते त्याच्यात शिरतं आणि आधीच्याला सोडतं. म्हातारीच्या टकटकीला उत्तर कोण देतो बाबा, म्हणून वर्षभर माझ्यातच राहिलं, माझ्या सीटजवळच्या त्या स्पीकरातूनही वाजायचं. मग विचारायला लागल्या, आता कुणी दिलं रे उत्तर? मी फोन ठेवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळ
चैताली शिफ्टला गेली. तिला काही बोललो नाही. तिनंच पुढं हात केला असता. तेजूसमोर बसलो. तिनं वाजवलं. मी वाजवलं.

ती म्हणाली, पप्पा, भूक लागली. देवा! दोन दिवसांनी आवाज ऐकला.

मला ओ देता आली नाही—

दहा वाजता
तिला दूध-चपाती दिली. तिनं ऐकू नये म्हणून स्वयंपाकघरात येऊन आतून कडी लावलीय. डावा हात माझा राहिलेला नाही. मांडीखाली दाबतो, सुटून भिंतीवर जातो. उजव्यानं लिहितोय. लताबाईंना हाक मारायची तर आवाज कुठाय—

तेजू दाराबाहेर. विचारतेय, पप्पा, आत काय करताय. दाराखालून चिठ्ठी सरकवली, वाजवू नको बाळा. वेडाच मी— तिला वाचता येत नाही— चिठ्ठी परत आली, मागं फूल काढलंय—

हात दारावर गेला— दोनदा— ओढतोय, सुटत नाही— एकदा—

हसतेय. म्हणतेय, पप्पा, हे मला येतं.

नको तेजू— कडी काढतो— तिचे हात धर—