झोपलेल्या बाईची साक्ष

ब्रुकलिन, ९ जुलै १८७४

ती. ड्रुसिलाताईस,

धाकट्या केझायाचा येशूमध्ये सलाम. वि. वि. तुझं पत्र पोचलं. वासराचं नाव तू 'डीकन' ठेवलंस हे वाचून चार दिवसांत पहिल्यांदा हसले.

इकडची बातमी तुमच्या नेब्रास्काच्या माळावरही एव्हाना आली असेल. लविनिया प्रेविटचा नवरा चारचौघांत सांगत सुटलाय की, आपल्या पाळकसाहेबांनी, थॉर्नडाईकसाहेबांनी, त्याच्या बायकोशी नको ते संबंध ठेवले. साहेब म्हणतात, सगळं कुभांड. तसं लविनियाने स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं पत्र त्यांच्यापाशी आहे. मंडळीने सहा जणांची चौकशी समिती नेमलीय, आणि सहाही साहेबांच्या पंक्तीतले.

ताई, ते पत्र लिहिलं गेलं तेव्हा मी त्या घरात होते. हिवाळ्यात लविनिया तापाने फणफणली होती आणि मी तिची शुश्रूषा करत होते. शेजारच्या खोलीत आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते, पण झोपले नव्हते. दार पुरतं लागलेलं नव्हतं.

तीस तारखेला मला समितीपुढे बोलावलंय. काल मंडळीचे कारभारी, डीकन होलकोम्ब, घरी येऊन गेले. गोड आवाजात म्हणाले की, बाई, तुम्ही झोपला होतात एवढंच सांगा, मग खुशाल बहिणीकडे राहायला जा, चांगल्या वर्तणुकीचं मंडळीचं पत्र आम्ही देऊ. नाहीतर पटावरून नाव खोडलं जाईल, पत्रही मिळायचं नाही. आणि जुन्या मंडळीचं पत्र सगळ्यांपुढे वाचल्याशिवाय नवख्याला प्रभूच्या मेजाशी बसू द्यायचं नाही, हा तर तुमच्या तिकडच्या उपासनेतला तुझाच नियम! त्या घोडेचोराने गोड गळ्याने स्तोत्रं म्हणून तुम्हाला गंडवलं, तेव्हापासूनचा. आता तूच सांग, मी काय करू?

लोभ आहेच, हे पत्र वाचूनही तो राहू दे.

तुझी,
केझाया

*

नेब्रास्का, १९ जुलै १८७४

चि. केझाया हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता मक्याची भाकरी करपली. नवऱ्याने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, अजून तरी.

तू विसरलीस का गं? माझा एसा घटसर्पाने गेला तेव्हा शेजारपाजारचं कुणी उंबरा ओलांडायला तयार नव्हतं. साहेब आले. पोराच्या गार कपाळावर त्यांनी हात ठेवला. ते आले नसते तर मी नदी जवळ केली असती, हे तुला ठाऊक आहे.

इथे ना देऊळ, ना घंटा, ना पाळक. दर रविवारी माणसं सहा-सहा मैलांवरून गाड्या जुंपून माझ्या स्वयंपाकघरात येतात आणि मी साहेबांचा छापील उपदेश वाचून दाखवते. लिंडक्विस्ट आजींना त्यातलं निम्मं कळत नाही, तरी रुमालाने डोळे पुसतात. ते खोटे निघाले तर मी या माणसांना काय वाचून दाखवू? हे सांग आधी.

अर्धवट झोपेत माणसाला काहीही ऐकू येतं. लहानपणी तुला गोठ्यात भुतं ऐकू यायची. झोपले होते म्हण, पत्र घे आणि निघून ये. तुझ्या खोलीच्या भिंतींना चुन्याचा हात देऊन ठेवलाय. एका माणसाचं नाव तुझ्या हातून बुडू नये, एवढंच माझं मागणं.

रागावले आहे, पण तुझीच,
ड्रुसिला

*

ब्रुकलिन, १ ऑगस्ट १८७४

ती. ताईस सलाम. वि. वि.

मी सांगितलं. आता तुलाही सांगते, मग हवं तर हे पत्र चुलीत घाल.

दाराच्या फटीतून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी मी सगळं पाहिलं. साहेब त्या दिवशी आले, लविनियाच्या पलंगाशी गुडघे टेकून रडले. तू नवऱ्यापाशी खरं बोललीस आणि माझा सत्यानाश केलास, असं म्हणाले. मग उशीला टेकवून तिला बसवलं आणि 'मी खोटं बोलले' हे एकेक शब्द सांगून लिहून घेतलं. तिच्या हातातून पेन्सिल दोनदा गळली. दोन्ही वेळा त्यांनीच उचलून दिली. कागद नीट घडी करून आतल्या खिशात ठेवला, बाहेर आले आणि मला म्हणाले की, बाई, तुम्हाला झोप लागलेली दिसते. मी म्हटलं, हो साहेब. मग टेबलावरचा शहाजिऱ्याचा केक त्यांनी दोनदा मागून खाल्ला आणि कसा करतात तेही विचारलं.

दुसऱ्या दिवशी लविनियाने माझा हात धरून विचारलं की, काही ऐकलंस का? मी तिलाही म्हटलं, झोपले होते. तिला साक्षीला एक माणूस हवं होतं, ताई, आणि मी तोंड फिरवलं. ते मला अजून खातंय. तेच खोटं पुन्हा बोलवेना.

समितीने विचारलं की, विधवा होऊन किती वर्षं झाली? झोपेचं औषध घेता का? मग लविनियाला आणलं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, काहीच घडलं नाही, केझायाला भास झाला असेल. मला तिचा राग आला नाही. एकदा मी तिला एकटं सोडलं, आता तिने मला.

काल मंडळीपुढे मत घेतलं. आम्हा बायकांना मत नाही, वर सज्ज्यात बसून बघायचं. खाली सगळे हात वर. साहेबांना गुच्छ दिले आणि माझं नाव खोडलं. पत्र अर्थातच नाही. तेव्हा मी येत नाही. तुझ्या मेजाशी मला कुठे बसवणार तू?

तुटलंच तर माझ्या बाजूने तुटलं नाही, एवढं ध्यानात असू दे.

केझाया

*

नेब्रास्का, २४ ऑगस्ट १८७४

चि. केझाया हिस आशीर्वाद, आणि पोटाशी धरून सलाम.

टोळधाड आली आणि गेली. मका गेला, खिडकीचे पडदे गेले, जमिनीतले कांदेसुद्धा आतून पोखरून खाल्ले. साहेबांच्या उपदेशांचा गठ्ठा तेवढा सोडला. टोळांना माझ्यापेक्षा अक्कल जास्त!

तुझं पत्र मी तीन दिवस ॲप्रनच्या खिशात घेऊन हिंडले. विश्वास ठेवायचा नव्हता गं. पण त्या केकाने मला गाठलं. एसाला पुरून आलो त्या दुपारी आईच्या हातच्या केकाचे दोन तुकडे साहेबांनी मागून खाल्ले होते, आणि कृतीही विचारली होती. इतकी वर्षं मी ती गोष्ट इथल्या माणसांना कौतुकाने सांगत आले, एवढा मोठा माणूस पण किती साधा! तुला केकाचं कधी सांगितलं नव्हतं. तू तेव्हा कनेटिकटला होतीस. भूक लागणं हा काही गुन्हा नाही, हे मलाही कळतं. पण तुझी आरामखुर्ची, ती पेन्सिल, सगळं मला दिसायला लागलं ते तिथून.

काल रविवार. स्वयंपाकघर भरलं होतं. नवा उपदेश आला होता, विषय 'खोटी साक्ष'. मी निम्मा वाचला आणि थांबले. पुढे वाचवेना. एसाच्या वेळी त्याच आवाजाने मला उभं केलं होतं, म्हणून ढसढसा रडलेसुद्धा. मग सगळ्यांना सांगितलं की, आज एका नव्या बहिणीचं पत्र आलंय, नियमाप्रमाणे वाचते. आणि तुझं पत्र वाचलं, पहिल्या सलामापासून शेवटपर्यंत. तू 'हो साहेब' म्हणालीस तेही, लविनियाशी खोटं बोललीस तेही. तुला न विचारता वाचलं, त्याबद्दल हवं तितकं भांड.

मग आमचा शेजारी कोरी आपलं स्टूल उचलून तरातरा निघून गेला. आता तो यायचा नाही, त्याची बायकोही. लिंडक्विस्ट आजींनी विचारलं की, हिला आपल्यात घ्यायला इथे बायकांनी हात वर केला तर चालतो का? मी म्हटलं, स्वयंपाकघर माझं आहे, चालतो. आजींचा हात पहिला, मग माझ्या नवऱ्याचा, मग राहिलेल्या सगळ्यांचा. बाकावरची तुझी जागा आजींशेजारी ठरलीय. पुढच्या रविवारी काय वाचायचं ते मला माहीत नाही. शुभवर्तमानच वाचू, बाकी कुणाचं नको.

सप्टेंबरच्या पहिल्या गाडीने ये. येताना शिवणाची पेटी आण, पडद्यांचं कापड आण. मंडळीचं पत्र आणू नकोस, ते वाचून झालंय.

वाट बघणारी तुझी ताई,
ड्रुसिला