बुटातला कागद

हामहुंग, उत्तर कोरिया, ३ मार्च १९८६

आले एकदाची. कापडगिरणीत नोकरी, वसतिगृहात जागा, आणि खोलीची जमीन थंडीसाठी खालून मस्त तापवलेली, घरच्यासारखा चुलीचा धूरही नाही. सोबतीला चुनशिलताई. माझ्याहून बरीच मोठी, मागावर मुरलेली. तिने मक्याच्या शेवया आणि मुळ्याचं आंबट-तिखट किमची पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, एवढीशी पोर, मागाआड दिसशील तरी का. मी म्हटलं, दिसले नाही तरी ऐकू येईन. आई म्हणतेच, या बोनह्वाच्या जिभेला हाड नाही.

८ मार्च, शनिवार

आज शनिवारची चुका कबूल करायची बैठक झाली. शाळेतही असायची, पण इथली कडक. प्रत्येकीने उभं राहून स्वतःची एक चूक सांगायची, मग दुसरीची एक. ताईने कालच शिकवून ठेवलं होतं की हे आपसात ठरवून घ्यायचं असतं. तू म्हण, ताई मागावर डुलक्या काढते. मी म्हणते, तू गाण्याच्या तालमीला उशिरा येतेस. पक्षाच्या चिटणीसबाई खूश, आपण सुखी. फार मोठं काही बोलायचं नाही, बस्स. काल आम्ही उवा निवडाव्यात तशा एकमेकींच्या चुका निवडत बसलो. हसून हसून पुरेवाट झाली.

२२ मार्च, शनिवार

बर्फ वितळून सगळीकडे चिखल. ठरलं होतं की मी म्हणायचं, ताई ओले बूट दारात सोडते, लोक अडखळतात. तेवढंच. पण मागच्या खेपेला बाईंनी टोकलं होतं, तू पाठ करून आल्यासारखी बोलतेस. म्हणून मी आपली पदरची फोडणी घातली: बूट वाळावेत म्हणून ती आत वर्तमानपत्राचा बोळा कोंबते.

बाईंनी शांतपणे विचारलं, कुठलं पान.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिल्या पानावर नेत्यांचा फोटो असतो. पेपराची घडी घालतानासुद्धा त्या चेहऱ्यावर दुमड येऊ द्यायची नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हटलं, आतलं पान असेल, मी नीट पाहिलं नाही. ताई नुसती माझ्याकडे बघत राहिली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

२४ मार्च

ताईला मागावरून उठवून नेलं. तिचं अंथरूण-पांघरूणही नेलं, म्हणजे ती परत येणार नाही. मीच केलं हे. बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, नवी असून नजर तीक्ष्ण आहे म्हणाल्या. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

२७ मार्च

जेवताना माझ्या बाकावर कोणी बसत नाही. शनिवारसाठी माझ्याशी चूक ठरवायला कोणी तयार नाही. शेजारच्या मागावरच्या हानबुनला विचारलं, तर ती म्हणाली, नको गं बाई, मला दोन लहान भाऊ आहेत.

२८ मार्च

बाईंनी बोलावलं. उद्या काहीतरी मोठं हवं म्हणाल्या, त्या पेपरासारखं. आणि मावशीसारख्या हसल्या.

ताईच्या जागी नवी पोरगी आलीय, सोलसुक. खेड्यातली, बडबडी. बाप काय म्हणतो, घरी काय मिळत नाही, सगळं भडाभडा — मी म्हटलं, गप्प बस. ती विचारते, ताई, रागावलीस का.

मला ताई म्हणाली.

२९ मार्च, शनिवार

आता घंटा होईल. पोरीचं नाव घेणार नाही. दोन्ही वेळा स्वतःचंच सांगेन.

झोपले नाही — बाई विचारतील, का झोपली नाहीस. रडले — कोणासाठी. धागा तुटला — तोडलास का. जेवले नाही — पक्षाचं अन्न गोड लागेना का. एकही चूक लहान उरली नाही. काहीच बोलले नाही तर —

घंटा झाली. सोलसुक दारात. विचारतेय, ताई, मी तुझ्याबद्दल काय सांगू, तूच ठरवून दे ना.

तिला म्हणावं, सांग की मी —