पट्टा आधी, फोटो मग

२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६

सासऱ्यांनी वर बोलावलं. वर म्हणजे एकशे सत्त्याऐंशी पायऱ्या. आमच्या ओनोमिची गावात शहाणी माणसं खाली समुद्राजवळ राहतात आणि हट्टी माणसं डोंगरावर. सासरे सगळ्यांत वर. वय शहाऐंशी. अठरा नोव्हेंबरला त्यांच्या हृदयाची झडप बदलायची आहे.

त्यांनी आपला जुना कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. फेरीबोटीवर कप्तान झाले तेव्हा घेतलेला. फिल्मवाला. तासभर सूचना दिल्या. लेक देताना एवढ्या दिल्या नव्हत्या. मग म्हणाले, मेल्यावर शवपेटीपुढे ठेवतात तो फोटो तू काढ. ऑपरेशनच्या आधी. स्टुडिओवाले माणसाचा बँक मॅनेजर करून टाकतात. तुझे हात स्थिर आहेत.

मी ताबडतोब हो म्हटलं. एकतीस वर्षं जहाजाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. माझ्या विभागात एकही अपघात नाही. (एक अंगठा. पण तो पायाचा, आणि माझाच.)

निश्चय: येत्या रविवारी फोटो. विषय संपला.

ता. क. उतरताना कॅमेरा बायकोने, चिझुएने धरला, कारण माझ्या हातात छत्री होती. पाऊस नव्हता, पण येऊ शकला असता.

४ ऑक्टोबर

कॅमेऱ्याचा गळ्यात घालायचा पट्टा पन्नास वर्षांचा. घरात सहज उचलून पाहिला, तर तुटला. कॅमेरा खाली. सुदैवाने उशीवर. काहीही झालेलं नाही. कोणी पाहिलं नाही.

चिझुएने पाहिलं. म्हणाली, अहो, पाणी देऊ का? पांढरे पडलात. मी म्हटलं, ट्यूबलाइटमुळे.

गळ्यातला पट्टा तसाही नकोच. वाकून नमस्कार केला की कॅमेरा पुढे झुलतो, आणि या गावात दिवसातून चाळीस वेळा वाकावं लागतं. मनगटाचा पट्टा हाच शास्त्रीय उपाय. नवा पट्टा येईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. ही भीती नव्हे, प्रोसिजर आहे.

रविवारचा फोटो पुढच्या रविवारी.

७ ऑक्टोबर

बाजारपेठेतल्या निशिगाकीबाईंच्या कॅमेऱ्याच्या दुकानात. नवरा गेल्यापासून बाईच चालवतात. मनगटाचे पट्टे अकरा प्रकारचे! चामड्याचे, सुती, विणलेल्या दोरीचे. काहींना सरकती कडी असते. हात खाली गेला की कडी सरकते आणि फास आवळतो. दोन तास तपासले. बाईंनी दोनदा चहा दिला. तिसऱ्यांदा देताना विचारलं, कुसुनोकीसाहेब, फोटो कशाचा काढायचाय? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग त्याला चेहरा लागेल, पट्टा कसाही चालेल.

विक्रेत्यांना सुरक्षेचं गांभीर्य नसतं.

चामड्याचा घेतला.

८ ऑक्टोबर

चामड्याचा करकरतो. परत केला. सुती घेतला.

११ ऑक्टोबर

सुती पट्टा दोन दिवस पाण्याच्या बादलीला टांगला. चार मिलिमीटर ताणला गेला. आज चार, उद्या काय? परत करायला गेलो. ओला म्हणून बाई घेईनात. वाकून नमस्कार केला, त्यांनीही केला, पण घेतला नाही.

१२ ऑक्टोबर

रविवार. पट्टा नाही, म्हणून फोटो नाही. सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, मी सकाळपासून दाढी करून बसलोय. मी तांत्रिक अडचण समजावून सांगितली. ते म्हणाले, जावईबापू, कॅमेरा आहे तो, वाघ नव्हे.

एक गोष्ट नोंदीसाठी. माझ्या वडिलांनी असाच फोटो आधी काढून घेतला होता. शनिवारी स्टुडिओत गेले, चांगला कोट घालून. तीन आठवड्यांनी तोच फोटो फुलांमध्ये होता. योगायोग. मी विज्ञान मानणारा माणूस आहे. त्याचा इथे काही संबंध नाही. का लिहिलं कळत नाही.

१६ ऑक्टोबर

सापडला! गिर्यारोहकांच्या दोरीचा, चामड्याची सरकती कडी. दोनशे किलो पेलतो. कॅमेरा सातशे ग्रॅम. निशिगाकीबाई म्हणाल्या, यात तुम्हीसुद्धा लटकू शकता. आवाजात कौतुक होतं.

आता फक्त चाचणी.

१८ ऑक्टोबर

चाचणी खऱ्या कॅमेऱ्यावर करणं बेजबाबदारपणा ठरेल. सातशे ग्रॅमचं रताळं घेतलं. पट्टा बांधला. सासऱ्यांच्या घरापर्यंत पायऱ्या चढलो, उतरलो. रताळं सुखरूप.

शेजारचे हामासाकी भेटले. वाकलो. रताळंही वाकलं. त्यांनी विचारलं, कुत्रा गेला वाटतं? आमच्याकडे कुत्रा कधीच नव्हता.

२१ ऑक्टोबर

गंभीर त्रुटी. कारखान्यात आमची पद्धत होती: काम सुरू करण्याआधी प्रत्येक वस्तूकडे उजव्या हाताचं बोट रोखायचं आणि मोठ्याने म्हणायचं. कडी, ठीक! दोर, ठीक! रेल्वेचे ड्रायव्हर करतात तेच. मी निवृत्तीनंतरही सोडलेलं नाही. गॅस, ठीक! दार, ठीक!

आज गॅसकडे बोट रोखलं तेव्हा पट्टा उजव्या मनगटात होता. रताळं सुटलं नाही (पट्टा उत्तम), पण झोका घेऊन सॉसच्या बाटलीवर गेलं. चिझुएने जमीन पुसली. म्हणाली, कॅमेरा असता तर? हेच मी तिला तीन आठवडे सांगतोय!

दुरुस्ती: पट्टा डाव्या मनगटात, बोट उजवं. सवयीला दहा दिवस धरू.

२५ ऑक्टोबर

डावा हात मुंग्या येऊन निळसर. कडी जास्त आवळली जाते. जास्त आवळणं हा दोष नसून गुण आहे.

२६ ऑक्टोबर

रविवार. सासऱ्यांचा फोन. पुन्हा दाढी केलीय म्हणाले. मी हात दुखतोय म्हटलं. त्यांनी विचारलं, कशाने? मी म्हटलं, तुमच्या फोटोच्या तयारीने. मग म्हणाले, हिसानोरी, अठरा तारीख पुढे ढकलता येत नाही बरं का.

फोन ठेवल्यावर रात्री जेवलो नाही. दुपारी भाताबरोबर मुळ्याचं लोणचं जास्त झालं होतं.

३० ऑक्टोबर

चाचणीचं रताळं चिझुएने उकडून वाढलं. मी विचारलं, कोणाच्या परवानगीने? ती म्हणाली, अहो, बाबांना आता पायऱ्या उतरताना तीनदा बसावं लागतं. तुम्ही रताळ्याचं काय घेऊन बसलात? आणि स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता.

पाणी वाया घालवणं तिच्या स्वभावात नाही.

निश्चय: नऊ नोव्हेंबर. काहीही होवो.

९ नोव्हेंबर, सकाळी ७

आज. रात्री स्वप्न पडलं. कॅमेरा पायऱ्यांवरून उड्या मारत खाली चालला होता आणि मी बोट रोखून प्रत्येक उडीला ठीक, ठीक म्हणत होतो. शेवटच्या पायरीवर फुलं होती.

झोप उत्तम लागली. नाडी शंभर.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५

संपूर्ण यश!!

सासरे अंगणात संत्र्याच्या झाडाखाली बसले. कप्तानाची टोपी घातली, मग काढली, पुन्हा घातली. मी प्रक्रियेनुसार बोट रोखलं. मनगट, ठीक! कडी, ठीक! गाठ, ठीक! पाय, ठीक! मागे पायरी नाही, ठीक! सासरे म्हणाले, मीपण ठीक! आणि हसले. मी छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले. हात एकदाही हलला नाही. कॅमेरा एकदाही निसटला नाही. सासरे सबंध वेळ भिंगाकडे बघून गालात हसत होते. इतका प्रसन्न चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, आमच्या लग्नातही नाही.

उतरताना कॅमेरा मी धरला. फिल्म निशिगाकीबाईंकडे दिली.

भीतीचा विषय उतरताना चिझुएने काढला, मी नाही. तरी नोंदवतो: भीती शून्य.

१३ नोव्हेंबर

बाईंचा फोन. फिल्म धुतली. कोरी आहे. छत्तीसच्या छत्तीस.

मी म्हटलं, तुमचं रसायन शिळं असेल. त्या म्हणाल्या, रागावू नका, पण भिंगाचं झाकण काढलं होतंत ना? त्या जुन्या कॅमेऱ्याला बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं.

झाकण माझ्या यादीत नव्हतं.

१४ नोव्हेंबर

सांगितलं नाही.

१५ नोव्हेंबर

उद्या सांगतो. आज वारा आहे.

१६ नोव्हेंबर

गेलो. पायऱ्यांवर दोनदा बसलो. त्यांच्यासमोर गुडघे टेकले, चटईला कपाळ लावलं आणि सगळं एका दमात सांगितलं.

सासरे म्हणाले, ऊठ, चटई मळेल. झाकण मला पहिल्या फोटोपासून दिसत होतं.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत, बाबा?

ते म्हणाले, बोलणारच होतो. पण तू इतक्या ऐटीत बोटं रोखत होतास, मला हसू आवरेना. मग मनात आलं, फोटो निघालाच नाही तर मरायची सगळी तयारी झाली असं होत नाही. एक काम बाकी आहे. काम बाकी ठेवून बोट सोडून जाणारा मी कप्तान नव्हे. डॉक्टरांनाही तसं सांगून तारीख ढकलता येईल वाटलं.

आणि मग म्हणाले, घाबरलोय रे मी. चिझुएला सांगू नकोस.

मी म्हटलं, तुमची झडप उत्तम प्रतीची असेल, मी पत्रक वाचलंय. ते म्हणाले, ती तू निवडली नाहीस हे नशीब, नाहीतर वसंतात बसवली असती.

नवी फिल्म त्यांनीच घातली. म्हणाले, अठराला सकाळी दवाखान्यात घेऊन ये.

१८ नोव्हेंबर, दुपारी

दवाखाना. सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे वेळ जाईल.

साडेआठला त्यांना हिरवा झगा घातला. टोपी नाही, कवळी नाही. लहान दिसत होते. नर्सबाई म्हणाल्या, पाच मिनिटं आहेत. सासरे म्हणाले, काढ.

झाकण काढून खिशात टाकलं. खिशाकडे बोट रोखलं. खिडकीतून पाहिलं. ते सरळ माझ्याकडे बघत होते, आणि परवा जे सांगितलं होतं ते सगळं चेहऱ्यावर होतं. बटणावर बोट होतं. दाबलं की तो फोटो होणार, फुलांमध्ये ठेवायचा. बोट दाबेना. हात स्थिर होते. इतके स्थिर की हलेनात.

नर्सबाई म्हणाल्या, चला आता.

चिझुए म्हणाली, द्या इकडे. तिने कॅमेरा ओढला. कडी आवळलेली, मनगटातून पट्टा निघेना. दोनदा हिसका दिला. निघेना. शेवटी तिने कॅमेरा तसाच डोळ्याला लावला आणि त्याच्यामागून माझा हात, हातामागून मी, असा तिच्या गालापर्यंत ओढला गेलो. एका पायावर होतो. नर्सबाईंनी मागून माझा शर्ट धरला. सासरे म्हणाले, अगं, दोनशे किलोचा आहे, सावकाश! आणि बिनदातांचं तोंड उघडून हसले. चिझुएने बटण दाबलं.

एकच फोटो. मग त्यांना आत नेलं.

म्हणजे फोटो चिझुएने काढला. मी नुसता कॅमेऱ्याला बांधलेला होतो.

पट्टा नर्सबाईंनी कात्रीने कापला. पहिल्यांदा कात्री चालेना.

साडेतीन वाजले. डॉक्टर म्हणाले होते, दोनपर्यंत होईल. चिझुए शेजारी बसलीय, तिने माझा निळा हात धरून ठेवलाय. दार बंद आहे.

मला भीती वाटते.