पडलेल्या हातमोज्याचा तपास

१० डिसेंबर १८८३
आजपासून रोजनिशी. घराण्यातली पहिली पदवीधर मी. माझे विचार कुठेतरी नोंदले जायलाच हवेत. बाबांचं लंडनमध्ये केंटिश टाउनला मेणबत्त्या-साबणाचं दुकान आहे. तिथे माझी पदवी काचेच्या फ्रेममध्ये लावली आहे. गिऱ्हाइकांना तो दुकानाचा परवाना वाटतो.
धाकटी बहीण डॉर्कस चित्रकार मिस्टर ऑर्लबार यांच्यासमोर मॉडेल म्हणून बसते. (माझ्या फीला ते पैसे उपयोगी पडले, हे मान्य. बुद्धी मात्र माझी.) वय एकोणीस, दिसायला बरी, म्हणून राखणीला कुणीतरी सोबत हवं असं बाबा म्हणाले. मी रोज जाणार. कोपऱ्यात बसून वाचन करणार आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणार.

१४ डिसेंबर
लक्ष ठेवायला वाव नाही. जोब पास्को येतो. फ्रेमांना सोन्याचा मुलामा देतो, येताना रंगांच्या पुड्या आणतो. तो आला की डॉर्कस हसत सुटते. वाचनात व्यत्यय. मिस्टर ऑर्लबार जेवायला बाहेर गेले होते, म्हणून मी दोघांना मागच्या फ्रेमांच्या खोलीत पाठवलं. उत्तम शांतता. पन्नास पानं वाचून झाली. रोज असंच करावं.

९ जानेवारी १८८४
मिस्टर ऑर्लबार म्हणाले, "मिस टिडमार्श, तुमचं कपाळ भव्य आहे. जरा हलू नका." माझ्याकडे बघून काहीतरी रेखाटत होते. मी विचारलं नाही. बहुधा ज्ञानदेवता.
चित्राचं नाव 'मैफलीनंतर'. तरुणी उभी, मेज, घड्याळ, जमिनीवर पडलेला एक हातमोजा (टाकून दिलेल्या स्त्रीची खूण). चित्रातली प्रत्येक वस्तू पुरावा असते. संकल्प: 'चित्रवाचनाचं शास्त्र' हा ग्रंथ लिहिणे. ईस्टरपर्यंत पूर्ण.

२८ जानेवारी
धक्का. डॉर्कसला रोज सकाळी उलट्या होतात. टर्पेंटाइनचा वास सहन होत नाही. चेहरा पांढराफटक. स्टुडिओची भिंत हिरवी, पडदा हिरवा, जोबच्या पुड्यांतली पूडही हिरवी. हिरव्या रंगात सोमल नावाचं विष असतं, हे मी स्वतः वाचलं आहे.
माझ्या बहिणीवर विषप्रयोग चालू आहे.

३१ जानेवारी
आधीच्या मॉडेलबद्दल मिस्टर ऑर्लबारना सहज विचारलं. "तिचं लग्न झालं," म्हणाले. सहज विचारल्यावर सहज उत्तर. संशयास्पद. पण ज्याला कपाळाची पारख आहे तो माणूस विष घालणार नाही. मग पुड्या कोण आणतो?
डॉर्कस संध्याकाळी दाराशी येऊन उभी राहिली. "हेस्टर, जरा बोलायचंय गं. तुझ्याशीच." मी म्हटलं, "तुझ्याच जिवासाठी काम करतेय, मध्ये मध्ये येऊ नकोस." ती गेली. बिचारीला काही कल्पना नाही.

१८ फेब्रुवारी
जोब पास्कोने मला बागेत गाठलं. टोपी हातात, कान लाल. म्हणाला, "मिस टिडमार्श, तुमचे बाबा माझं तोंड बघत नाहीत, पण तुमचा शब्द मोडत नाहीत. मार्चमध्ये मेलबर्नचं जहाज आहे. भावाचं तिकडे फ्रेमांचं दुकान चालतं. डॉर्कसशी रीतसर लग्न करून तिला नेईन म्हणतो. एवढं बोलाल का?"
मी म्हटलं, विचार करते. विचार केला. विष द्यायचं, मग पृथ्वीच्या पलीकडे न्यायचं, जिथे प्रेत कुणी तपासणार नाही! योजना निर्दोष आहे. फक्त त्याने ती पदवीधर बाईला सांगायला नको होती.

२ मार्च
डॉर्कस पुन्हा आली. "जोबसाठी बाबांशी बोललीस का? हेस्टर, मला उशीर करून चालणार नाही गं." रडली. सोमलाने मन हळवं होतं, नोंद करून ठेवली. मी वचन दिलं की लवकरच सगळं मिटेल. तिने माझे हात धरून मुके घेतले. जरा जास्तच झालं.
ग्रंथ: शीर्षक सुंदर अक्षरात लिहून झालं.

११ मार्च
कृती! जोबची पुडी उचलून पोलीस चौकीत नेली. तपासात सोमल निघाला. निघणारच! त्याला स्टुडिओच्या दारातच पकडलं. तो मला एवढंच म्हणाला, "डॉर्कसने असं सांगितलं?" मी म्हटलं, "मी तिच्याच वतीने बोलते आहे." त्याने स्वतःच शिपायापुढे हात केले. गुन्हेगार असाच हात पुढे करतो.
डॉर्कसला सांगितलं नाही. अशक्त आहे.

१३ मार्च
जोबला सोडलं. इन्स्पेक्टर अगदीच अडाणी. म्हणाला, "बाई, हा रंग प्रत्येक रंगवाल्याकडे मिळतो. तुमच्या टोपीवर ही जी हिरवी पानं आहेत ना, त्यांत त्या पुडीपेक्षा जास्त सोमल आहे." आणि चौकीभर हसले. टोपी माझी एकुलती एक चांगली आहे. घालणारच.
तुरुंगात जाऊन आलेला माणूस नको म्हणून फ्रेमांच्या कारखान्याच्या मालकाने जोबला कामावरून काढलं. म्हणजे न्याय झालाच, फक्त वेगळ्या खात्यातून.

२२ मार्च
जोब पास्को मेलबर्नला गेला. एकटा. डॉर्कस बंदरावर धावली होती. परत आली ती भिंतीला टेकून बसली. "त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, तुझा निरोप मला पकडलं तेव्हाच मिळाला. हेस्टर, मी कसला निरोप दिला गं?"
मी तिला सगळा तपास समजावून सांगितला, सुरुवातीपासून. शेवटी ती म्हणाली, "किती वेळा आले होते मी तुझ्या दाराशी." आभार मानायची तिची पद्धत विचित्र आहे.

२४ मार्च
विषारी माणूस गेला तरी डॉर्कस बरी नाही. म्हणून विषबाधेचा दाखला घ्यायला डॉक्टर आणला. त्याने पाच मिनिटांत मला बाहेर काढलं, मग बाबांना आत बोलावलं. निघताना जिन्यात थांबून मला विचारलं, "पदवीधर तुम्हीच ना?"
मी हो म्हटलं. त्याने मान हलवली. ती कौतुकाने असावी.

२५ मार्च
कळलं.
बाबांनी दुकान बंद ठेवलं. मला म्हणाले, "बी.ए. बाईसाहेब, तुम्हाला राखायला पाठवलं होतं ना?" मी म्हटलं, शास्त्रीय दृष्टीने उलटी हे लक्षण विषबाधेत आणि दिवस गेल्यावर सारखंच असतं. त्यांनी माझी पदवी भिंतीवरून काढली. पुसायला असावी.

२ एप्रिल
डॉर्कसला रेडिंगला पाठवलं. अशा मुलींसाठी तिथे एक संस्था आहे. कपडे धुवायला लावतात, मूल झालं की दुसऱ्यांना देतात. मी स्टेशनवर म्हटलं, पत्र लिहीन. ती म्हणाली, "नको. तू लिहू नकोस." गाडी सुटेपर्यंत तिने पोटावर हात धरला होता. मिस्टर ऑर्लबारसमोर ती तशीच उभी राहायची. मला ती पोझ वाटायची.
मेलबर्नला जोबला पत्र लिहून खुलासा करायला हवा. पत्ता माहीत नाही. पत्ता फक्त डॉर्कसकडे होता. आता तिला विचारायचं कसं?

५ मे
रॉयल ॲकॅडमीचं चित्रप्रदर्शन आजपासून खुलं. मुद्दाम गेले. मिस्टर ऑर्लबारचं चित्र सगळ्यांत गाजलंय, समोर दोरी बांधावी लागली आहे. आयत्या वेळी त्यांनी खिडकीत एक जहाज रंगवलं आणि नाव बदललं: 'जहाज गेल्यावर'. म्हणजे त्यांना सगळं दिसत होतं.
शेजारी दोन बायका बन खात उभ्या होत्या. कॅटलॉगसुद्धा नव्हता त्यांच्याकडे.
"चौथा-पाचवा असेल गं हिला."
"आणि तो बघ, निघाला जहाजातून."
"घरच्यांचे डोळे फुटले होते का?"
"घरची ती बघ की. कोपऱ्यात."
मी पाहिलं. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, एक बाई पुस्तक वाचत बसली होती. कपाळ दिसत नव्हतं. पाठ, आणि टोपी. हिरव्या पानांची.
"मेली वाचतेय!" पहिली म्हणाली आणि दोघी इतक्या हसल्या की बनचा तुकडा दोरीपलीकडे पडला.
मला काहीतरी समजावून सांगायचं होतं. हातमोज्याबद्दल. मी पुढे झाले.
"ओ बाई," दुसरी म्हणाली, "जरा बाजूला व्हा ना. तुमच्या टोपीमुळे ती मुलगी दिसत नाही."
बाजूला झाले.