एमजीचं ऑइल मीच बदललं

११ फेब्रुवारी १९८४, शनिवार

पप्पा चोर म्हणाले मला! पोटच्या पोरीला! आणि तेसुद्धा शेजारच्या सेराफिना आंटीसमोर. ती कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. "कोण आहे तिथे? चोरासारखं काय चाललंय? हात लावू नको गाडीला!"

काय केलं होतं मी? ताडपत्री उचलून ऑइल मोजायची डिपस्टिक ओढली, बस. टोकाला थेंबभर ऑइल, तेही डांबरासारखं. पप्पा दोन वर्षं झाली गाडी चालवत नाहीत. दर रविवारी जागेवरच दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात, की पुन्हा ताडपत्री! अशानं इंजिनाची वाट लागणार, हे मला कळतं. ज्या माणसानं वीस वर्षं ही गाडी स्वतःच्या हातानं खोलली, जोडली, त्याला कळत नाही?

छप्पन सालची विलायती एमजी. दोन सीटची, लाल. पप्पांचा गोरा साहेब मायदेशी गेला तेव्हा त्याच्याकडून घेतलेली. अख्ख्या मरोळ गावठाणात अशी दुसरी नाही.

"रुडॉल्फ येईल, तो बघेल." कधी येईल? माझा भाऊ सहा वर्षं टोरोंटोत, आला एकदाच. मी इथे आहे! दिवसभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे ट्रंक कॉल जोडायचे, घरी येऊन जेवण रांधायचं — आणि गाडी रुडॉल्फची. लायसन्स माझ्याकडेपण आहे. चालवायला पप्पांनीच शिकवलं होतं ना?

१४ फेब्रुवारी, मंगळवार

हाफ डे टाकून कुर्ल्याला गेले. चंद्रप्रकाशचं जुन्या पार्ट्सचं दुकान. "मॅडम, मिस्त्रीला पाठवा ना." मीच मिस्त्री, म्हटलं. "मग पप्पांना पाठवा." डोकंच फिरलं. म्हटलं, फिल्टर आहे की नाही तेवढं सांग!

होता. फिल्टर, रबरी रिंग, तांब्याचा वॉशर, पाच लिटर ऑइल. सगळं पलंगाखाली लपवलंय. एकतीस वर्षांची बाई मी, स्वतःच्या घरात ऑइल लपवते!

१९ फेब्रुवारी, रविवार

डोकं दुखतंय म्हणून चर्चला, मिसाला गेले नाही. खोटं. पप्पा आंटीबरोबर फाटकाबाहेर पडले, तशी लागले कामाला.

पाच मिनिटं इंजिन गरम केलं — ऑइल पातळ झालं की घाण सगळी उतरते. पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवली, मागच्यांना दगड लावले, गोणपाट अंथरून पाठीवर खाली सरकले. ऑइल सोडायचा नट हलेना! पाना दोन्ही हातांनी ओढला, शिव्या घातल्या. रुडॉल्फला, पप्पांना, परत रुडॉल्फला. सुटला! गरम काळं ऑइल थोडं घमेल्यात, थोडं माझ्या कोपरापर्यंत.

फिल्टरचा डबा एका लांब बोल्टवर लटकतो. तो उतरवून रॉकेलनं धुतला. नवा फिल्टर, नवी रिंग, बोल्ट घट्ट; खालचा नटही नव्या वॉशरसकट बंद. वरून नवं ऑइल ओतलं, मधासारखं. स्टार्ट! ऑइल प्रेशरचा काटा चढला. एकटीच हसले.

आणि काटा खाली यायला लागला. बघते तर फिल्टरवरून पिचकारी! इंजिन बंद करेपर्यंत लादीवर ऑइलचं तळं.

नेमके तेव्हाच पप्पा आले. सरळ चालत आले आणि मिसाचे पांढरे बूट घालून तळ्याच्या मधोमध उभे राहिले! मुद्दाम! मला दाखवायला!

"कुठून गळतंय?"

"फिल्टर."

"जुनी रिंग काढलीस?"

जुनी रिंग? तिचं मला माहीतच नव्हतं. पप्पा चांगल्या कपड्यांत आडवे झाले, मला डबा उतरवायला लावला, वरच्या खाचेत बोट फिरवलं. बघितलंसुद्धा नाही, तोंड भलतीकडेच! नखानं एक चपटी, कडक झालेली रिंग उपसून काढली.

"एकावर एक दोन बसवल्यास. गाढव."

आणि गेले आत.

डबा परत चढवला. उरलेलं ऑइल ओतलं. स्टार्ट. एक थेंब नाही. एक थेंबसुद्धा नाही! पण 'झकास' म्हणायला तोंड दुखतं त्यांचं. आणि एवढं बोटांत आहे तर मला का नाही कधी शिकवलं? रुडॉल्फसाठी राखून ठेवलं?

२० फेब्रुवारी, सोमवार

ते बोलत नाहीत. मीपण नाही. नखांतलं काळं निघत नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जेवताना फुटले. "पप्पा, रविवारी मी गाडी बाहेर काढणार. पोलिसांना सांगायचं तर सांगा, चोर आहे म्हणून!"

वाटलं, ताट भिरकावतील. भात चिवडत बसले. मग म्हणाले, "मीपण येतो."

म्हणजे शेजारी बसून चुका काढणार! नजर ठेवणार! या म्हटलं, या. बघाच.

२६ फेब्रुवारी, रविवार

गाडी काय पळाली! अंधेरी-कुर्ला रोडच्या सिग्नलला थांबले. लख्ख ऊन, दिवा अगदी समोर. पप्पा हळूच म्हणाले, "पॅट, थांबलीस का?"

"सिग्नल आहे ना, पप्पा. लाल."

"अच्छा."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते. कुठेच बघत नव्हते.

"कधीपासून?"

"दोन वर्षं. सावल्या दिसतात. तुझ्या मम्मीचा फोटो दिसत नाही."

मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"हिरवा झाला असेल," पप्पा म्हणाले. "चल."