आलुबुखाराच्या झाडाचा दोष नव्हता

आई, टोकियोहून तुझ्या एइतारोचा वाकून नमस्कार.

रक्ती आवेचा जंतू मी शोधला म्हणून तू गल्लीभर आनंदाचा लाल भात वाटलास म्हणे! मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

एक मात्र ऐक. आपल्या धाकट्या किनूला तू दिलेले कच्चे आलुबुखार बाधले नव्हते गं. त्या उन्हाळ्यात आव आधी मला झाली होती. जत्रा चुकेल म्हणून मी ती लपवली. थोरला म्हणून न्हाणीच्या पिंपात पहिला मी उतरलो, आणि त्याच पाण्यात शेवटी किनू. "दादा, पाणी पार गार केलंस!" म्हणून चिडली होती. हा जंतू पाण्यातूनही जातो, आई. आठवड्यात ती गेली.

माझ्या नावाने लाल भात पुन्हा शिजवू नकोस. बारा वर्षं तू त्या झाडाचं फळ तोंडात घातलेलं नाहीस. यंदा एक तरी खा.

तुझा,
एइतारो