वल्ही नसलेली होडी

६ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा! खडकावर दगडी झोपड्यांचा मठ आणि टोकाला लोखंडी टोपलीत पेटती आग, गलबतांना वाट दाखवायला. ती आग आता माझ्याकडे. स्वयंपाकी गॉर्मान म्हणाला, "तुझ्या आधीचा आगवाला थंडीनं नाही, माझ्या आंबिलीनं गेला. जपून खा." आंबील खरंच भयंकर आहे. मी दोनदा घेतली. थोरला भाऊ लुगाइद धान्याची होडी घेऊन येतोय, माझ्याच आगीच्या उजेडानं. मला फार आनंद झालाय.

९ ऑक्टोबर
आज केल्लाख नावाच्या खुन्याला समुद्राच्या हवाली केलं. सख्ख्या मेव्हण्याचं डोकं त्यानं कुऱ्हाडीनं फोडलं होतं. शिक्षा नेहमीचीच: कातड्याची होडी, ना वल्ही ना शीड. लाटांनी परत आणलं तर देवानं माफ केलं. मग त्याच्यावर हात उचलायचा नाही, जेवण आणि बिछाना द्यायचा. मठाधिपती सेनाखबाबांनी मला बजावलं, "वारा फिरेपर्यंत आग लावू नकोस, पोरा. समुद्राला दिलेला माणूस मेला तरी उजेड बघून वळतो." म्हातारा उगीच घाबरवतो.

११ ऑक्टोबर
दाट धुकं. लुगाइद यातच कुठेतरी असणार. मी आग लावली.

१२ ऑक्टोबर
भावाऐवजी केल्लाख आला. डोळे खेकड्यांनी खाल्लेले, तरी चालत आला. नियम म्हणून गॉर्माननं वाटी पुढे केली. केल्लाखनं दोन्ही हातांनी त्याचा जबडा फाडला. कुणी हात उचलला नाही. आम्ही गुडघे टेकून बघत राहिलो. मला माझी लाज वाटते.

१३ ऑक्टोबर
आणखी होड्या. एकीतही वल्ही नाहीत. आजवर समुद्राला दिलेले सगळे — झोपड्यांत शिरले — सेनाखबाबांना दगडावर आपटलं, मेंदू माझ्या पायांवर — मी घागर आगीवर उपडी केली. मेलेले जागीच कोसळले.
मग खालून लुगाइदची हाक, "धाकट्या, आग कुठाय?" आणि फळ्या फुटल्याचा आवाज.

१४ ऑक्टोबर
त्याचं एक वल्हं सापडलं. तो नाही. मठात जिवंत मी एकटाच. मी मारलं त्याला.

१५ ऑक्टोबर
आग लावली. काय येणार ते ठाऊक आहे. तरी — आंबील शिजवली, बिछाना घातला —
होडी लागली. वल्ही नाहीत. चेहरा त्याचाच, अर्धा.
म्हणतो, "धाकट्या, थंडी वाजतेय रे."
मागे बाकीच्या होड्याही — येऊ देत —
मी वाटी पुढे